साठ पिना, बहात्तर पिना

१९८५ साली अमेरिकेत निन्टेन्डोचे एनईएस हे यंत्र आले आणि त्याच्यासोबत एका यंत्रमानवाबरोबर खेळायचा 'जायरोमाइट' नावाचा गेम आला. त्याच्या सुरुवातीच्या काही कॅसेट उघडून पाहिल्या तर आत भलतीच वस्तू निघते. बाहेरचे राखाडी कवच अमेरिकन, पण आतला छोटा सर्किट बोर्ड जपानी फॅमिकॉमचा, आणि त्या बोर्डाच्या टोकाला बसवलेला एक अडॅप्टर. गेम सुरू केला की पडद्यावर नावही 'रोबोट जायरो' असे जपानी आवृत्तीचेच उमटते. परदेशी गेम आपल्या यंत्रावर चालावेत म्हणून जुन्या गेमचे शौकीन आज जो अडॅप्टर शोधत फिरतात, तो एके काळी खुद्द कंपनीनेच कॅसेटच्या पोटात घालून विकला होता. जपान आणि अमेरिकेची यंत्रे मुळात किती जवळची होती, याचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही.

फॅमिकॉम जपानमध्ये १५ जुलै १९८३ रोजी विक्रीला आले. एनईएस हे त्याचेच अमेरिकन रूप. प्रोसेसर तोच, चित्र काढणारी चिप तीच, दोन्ही देशांचे टीव्हीसुद्धा सेकंदाला साठ वेळा पडदा रंगवणारे. तरीही जपानी कॅसेट अमेरिकन यंत्रात बसत नाही, कारण फॅमिकॉमच्या कॅसेटला साठ पिना आहेत आणि एनईएसच्या कॅसेटला बहात्तर. या फरकाचा हिशेब मांडण्यासारखा आहे. साठातल्या दोन पिना आवाजासाठी होत्या, त्या एनईएसमध्ये काढून टाकल्या. यंत्राच्या तळाशी भविष्यातल्या जोडण्यांसाठी एक एक्स्पान्शन पोर्ट ठेवला होता, त्याच्याकडे जाणाऱ्या दहा पिना वाढवल्या. उरलेल्या चार पिना कुलपाच्या.

हे कुलूप म्हणजे एक छोटीशी चिप. एक यंत्रात, तिचीच जोडीदार कॅसेटमध्ये. वीज सुरू होताच दोघीही एकच गणित करत बसतात आणि उत्तरे एकमेकींशी ताडून पाहतात. उत्तर जुळले नाही, किंवा समोरून उत्तरच आले नाही, तर यंत्रातली चिप दर सेकंदाला यंत्र रिसेट करत राहते. पडद्याची उघडझाप चालू राहते, गेम काही सुरू होत नाही. १९८३ साली अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा बाजार सुमार गेमच्या पुरात बुडाला होता. तसे पुन्हा घडू नये म्हणून हे कुलूप, असे कारण दिले गेले. ते खरेही आहे, पण अर्धेच. कुलपाची किल्ली जिच्याकडे, तिच्या परवान्याशिवाय कोणी गेम विकू शकत नाही, आणि एका प्रदेशातला गेम दुसऱ्या प्रदेशात चालत नाही. युरोपच्या यंत्रांतल्या चिपा अमेरिकेपेक्षा वेगळ्या ठेवल्या होत्या, त्या दर्जासाठी खास नव्हे. जपानी फॅमिकॉममध्ये तर हे कुलूप नव्हतेच. १९९३ साली निन्टेन्डोने एनईएसची स्वस्त, वरून कॅसेट घालायची आवृत्ती काढली तेव्हा त्यातूनही ते वगळले, आणि काही बिघडले नाही.

म्हणून साठाचे बहात्तर करणाऱ्या अडॅप्टरला दोन कामे करावी लागतात. एक, प्रत्येक तार योग्य जागी नेऊन पोचवणे. हे सोपे. दुसरे, जपानी कॅसेटमध्ये नसलेली ती चिप स्वतःजवळ बाळगून यंत्राला हवे ते उत्तर देणे. जुन्या अडॅप्टरमध्ये निन्टेन्डोची मूळ चिप असते. आता तेच गणित शिकवलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बसवतात. बाकी त्यात काहीच नाही. गेम जसाच्या तसा यंत्रापर्यंत जातो, आणि हाच या वस्तूचा मोठेपणा आहे.

पण वगळलेल्या त्या दोन पिना विसरून चालणार नाही. फॅमिकॉममध्ये यंत्राचा आवाज आधी कॅसेटमध्ये जातो आणि तिथून परत येतो. त्यामुळे कॅसेटमधली चिप वाटेत स्वतःचे सूर मिसळू शकते. कोनामीने १९८९ साली जपानमध्ये काढलेल्या 'अकुमाजो देन्सेत्सु'मध्ये व्हीआरसी-६ नावाची चिप आहे. तिने यंत्राच्या संगीतात आणखी तीन आवाजांची भर घातली. हाच गेम अमेरिकेत 'कॅसलव्हेनिया ३' म्हणून गेला तेव्हा आवाजाची ती वाटच नव्हती, म्हणून संगीत यंत्राच्या स्वतःच्या आवाजांत पुन्हा बांधावे लागले. ते वाईट नाही. तरीही दोन्ही लागोपाठ ऐकावीत. जपानी आवृत्तीतले भरदार खालचे स्वर ऐकल्यावर लोक एका गेमसाठी अडॅप्टर का मागवतात, ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मात्र साधा अडॅप्टर लावून हा जपानी गेम एनईएसवर चालवला तर नेमके तेच स्वर गायब होतात. त्यासाठी आवाजाची तार एक्स्पान्शन पोर्टकडे वळवणारा अडॅप्टर हवा, आणि तळाच्या त्या पोर्टमध्ये एक रेझिस्टर जोडावा लागतो. काही रुपयांचा तो रेझिस्टर म्हणजे या सगळ्या खटाटोपातला माझा सर्वांत आवडता भाग.

काही गोष्टी मात्र अडॅप्टरच्या हाताबाहेरच्या. फॅमिकॉमच्या दुसऱ्या कंट्रोलरमध्ये मायक्रोफोन होता आणि त्यात गाण्या-ओरडण्याचे प्रसंग काही गेममध्ये आहेत. एनईएसच्या कंट्रोलरला मायक्रोफोन नाही. भाषेचेही तसेच. 'फायनल फँटसी ३' (१९९०) फॅमिकॉमच्या काळात जपानबाहेर निघाला नाही, आणि त्यातली पानेच्या पाने वाचायची तर जपानी यावी लागते. उलट जपानी 'काँट्रा' कोणीही उचलून खेळावा. त्यात जंगलातली झाडे हलतात, दोन टप्प्यांच्या मध्ये नकाशा आणि छोटी दृश्ये येतात. अमेरिकन आवृत्तीत यातले काही नाही.

इतर यंत्रांवरचे अडथळे याच घराण्यातले, फक्त तऱ्हा निराळ्या. जपानी सुपर फॅमिकॉमची कॅसेट अमेरिकन सुपर निन्टेन्डोत अडते ती खाचेतल्या प्लॅस्टिकच्या दोन दांड्यांमुळे, एवढेच. पीसी इंजिनची पत्त्याएवढी कार्डे अमेरिकन टर्बोग्राफ्क्स-१६ मध्ये चालत नाहीत, कारण तिथे आठ डेटा तारांचा क्रम उलटा केला आहे. अडॅप्टर तो पुन्हा सुलटा करतो. युरोपच्या सुपर निन्टेन्डोसाठी दोन खाचांचे अडॅप्टर निघाले होते: एका खाचेत परदेशी गेम, दुसरीत एखादा स्थानिक गेम, केवळ त्याच्यातल्या चिपने कुलूप उघडावे म्हणून. पण 'स्टार फॉक्स'सारख्या गेमच्या कॅसेटला बाजूच्या जादा पिना लागतात आणि ज्या अडॅप्टरमध्ये त्या नाहीत, तिथे तो गेम हलतच नाही.

एका यंत्राचे गेम दुसऱ्यावर चालवणारे अडॅप्टर ही आणखी एक शाखा, आणि तिच्यातली दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. सेगाने मेगा ड्राइव्हमध्ये आपल्या आधीच्या मास्टर सिस्टिमचा झेड-८० प्रोसेसर मुळातच ठेवला होता. त्यामुळे पॉवर बेस कन्व्हर्टरला जवळपास फक्त पिना जुळवायच्या होत्या. १९९४च्या सुपर गेम बॉयमध्ये मात्र जवळजवळ अख्खा गेम बॉय बसवावा लागला. आणि त्याचे घड्याळ सुपर निन्टेन्डोच्या घड्याळावर चालत असल्याने गेम सुमारे २.४ टक्के जलद पळतात, संगीतही थोडे वर चढते. जपानमध्ये १९९८ साली आलेल्या सुपर गेम बॉय २ मध्ये स्वतंत्र क्रिस्टल घालून हे सुधारले.

आपल्याकडे हा विषय वेगळ्याच वाटेने आला. नव्वदच्या दशकात मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून किंवा गावातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून आलेल्या बहुतेक 'टीव्ही गेम' म्हणजे फॅमिकॉमच्या नकला होत्या, आणि त्यांच्या कॅसेट साठ पिनांच्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत भावंडांनी पाळीपाळीने मारिओ खेळला तो एनईएसच्या नव्हे, फॅमिकॉमच्या मापात. भारतातले टीव्ही सेकंदाला पन्नास वेळा पडदा रंगवणारे पाल पद्धतीचे. अशा टीव्हीसाठी बनलेल्या पुष्कळ नकलांच्या चिपांमध्ये एक हुशारी होती: वेग पन्नासावर आणला तरी प्रोसेसर आणि चित्राच्या चिपचे आपसातले प्रमाण फॅमिकॉमसारखेच ठेवले. युरोपच्या अस्सल एनईएसमध्ये ते प्रमाण बदलले होते, म्हणून काही जपानी गेम तिथे गडबडतात. या नकलांवर ते बिनबोभाट चालतात, फक्त सहाव्या हिश्शाने संथ. या कामगिरीचे श्रेय त्या अभियंत्यांना फारसे कोणी दिलेले नाही. द्यायला हवे.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी मंडळींपैकी कोणाच्या बॅगेत तशी जुनी कॅसेट असेल, तर तिथल्या एनईएसवर ती लावायला नेमका हाच साठ-बहात्तरचा अडॅप्टर लागतो. विकत घेताना दोन गोष्टी विचारा: आत कुलपाची चिप आहे का, आणि आवाजाची तार पुढे नेली आहे का. समोरून कॅसेट घालायच्या एनईएसमध्ये अडॅप्टर खोल जातो, तेव्हा तो ओढून काढायला रिबन किंवा दोरी असलेलाच घ्या. कॅसेटची पुढची बाजू कोणती ते पाहून मगच ती बसवा, उलटी घातली तर चिप जळण्याचा धोका असतो. आणि अडॅप्टरसाठी जुनी 'जायरोमाइट' फोडू नका. नवे अडॅप्टर आता सहज मिळतात, १९८५च्या त्या कॅसेट मात्र पुन्हा बनणार नाहीत.