वेड्यांचा कर्ण: रियुनियन बेटावरची डोंगरशर्यत

ग्रां रेद ही हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर दरवर्षी ऑक्टोबरमध्ये होणारी डोंगरवाटांवरची अतिदीर्घ शर्यत आहे. तिच्यातली मुख्य धाव 'दियागोनाल दे फू', म्हणजे 'वेड्यांचा कर्ण', या नावाने ओळखली जाते. दक्षिण किनाऱ्यावरच्या सें-पिएरहून गुरुवारी रात्री निघायचे आणि अख्खे बेट ओलांडून उत्तरेकडच्या सें-देनी या मुख्य शहरात पोहोचायचे. अंतर दर वर्षी थोडेफार बदलते. अलीकडे ते १६५ ते १७५ किलोमीटरच्या आसपास असते. एकूण चढ सुमारे १०,००० मीटर, मुदत ६६ तास.

रियुनियन हा मादागास्करच्या पूर्वेला असलेला फ्रान्सचा सागरपार प्रांत. क्षेत्रफळ २,५१२ चौरस किलोमीटर, म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या निम्म्याहून कमी. एवढ्याशा जागेत ३,०७० मीटर उंचीचा पितों दे नेज उभा आहे. हा ज्वालामुखी हजारो वर्षांपासून निद्रिस्त आहे. त्याच्या आग्नेयेचा पितों द ला फुर्नेझ मात्र जगातल्या सर्वांत जागत्या ज्वालामुखींपैकी एक आहे. ज्या तप्तबिंदूवर हे बेट घडले, त्याच्यावरून सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड सरकत होता आणि त्या वेळच्या लाव्ह्यातून दख्खनचे पठार तयार झाले, असे बहुतेक भूवैज्ञानिक मानतात. सह्याद्रीचा काळा कातळ आणि या शर्यतीच्या पायाखालचा दगड असे एकाच भट्टीतले आहेत, फक्त रियुनियनचा दगड फार कोवळा. त्यावर कोसळणारा पाऊसही अचाट. जानेवारी १९६६ मध्ये एका वादळात फोक-फोक येथे २४ तासांत १,८२५ मिलिमीटर पाऊस पडला, तो जागतिक विक्रम आहे. ठिसूळ डोंगर आणि असा पाऊस यांनी मिळून पितों दे नेजभोवती सिलाओस, माफात आणि सालाझी अशा तीन प्रचंड कढया कोरल्या. चहूबाजूंनी उभे कडे, तळाशी घळी आणि सोंडा. हे कडे-शिखरांचे क्षेत्र २०१० पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे. शर्यत ऑक्टोबरमध्ये घेण्याचे कारणही हवामानातच सापडते: कोरडा हंगाम सरत आलेला असतो आणि वादळांचा सुरू व्हायचा असतो.

शर्यतीची सुरुवात १९८९ मध्ये 'मार्श दे सीम', म्हणजे शिखरांची पदयात्रा, या नावाने झाली. १९९३ पासून ती ग्रां रेद म्हणून भरते. पूर्वी ती ज्वालामुखीच्या बाजूने, आग्नेयेकडच्या सें-फिलिपहून सुटत असे. मार्ग कायमचा असा ठरलेला नाही. दरडी कोसळतात, वाटा बंद होतात, आणि आखणी दर वर्षी नव्याने करावी लागते.

पहिली रात्र उसाच्या मळ्यांतून चढण्यात जाते. किनाऱ्यावरच्या दमट उकाड्यातून निघालेले धावक पहाटेच्या सुमारास २,००० मीटरवरच्या ने द बफच्या वाऱ्यात काकडत असतात. पुढे कुरणे आणि चिखल. मग केर्वेगँच्या सोंडेवरून सिलाओसच्या कढईत थेट उतार, इतका उभा की जागोजागी शिड्या लावलेल्या आहेत. ही शर्यत पायांची ताकद चढावर तपासत नाही, अशा उतारांवर तपासते. सिलाओस सुमारे १,२०० मीटरवर. तिथे गरम जेवण, आधी पाठवलेली पिशवी, कोरडे मोजे आणि थोडी झोप मिळते, आणि म्हणूनच कित्येकांची शर्यत तिथेच संपते.

सिलाओसहून २,०८१ मीटरची ताइबीची खिंड ओलांडली की माफात लागते. शर्यतीचा गाभा हाच. माफातमध्ये मोटाररस्ता नाही. तिथल्या वाड्यांवरच्या काहीशे लोकांना बाहेर पडायचे तर चालत जावे लागते; जड सामान हेलिकॉप्टरने येते आणि टपाल पिढ्यान्‌पिढ्या टपालवाल्याच्या पाठीवरून आले. मळ्यांतून पळालेले गुलाम या दुर्गम कढयांत लपून राहत. माफात हे नावच अशा पळालेल्यांच्या एका म्होरक्याचे आहे. बेटावरची गुलामी २० डिसेंबर १८४८ रोजी संपली. आज धावक ज्या वाटांवर घाम गाळतात, त्यांतल्या अनेक अशा गरजेतून पडलेल्या आहेत, हौसेतून नव्हे. माफातमधून बाहेर पडण्यासाठी बहुतेक वर्षी माइदोचा कडा चढावा लागतो: एका दमात सुमारे हजार मीटर, तेही दुसऱ्या रात्रीच्या जागरणानंतर. आतमध्ये शर्यत सोडणेही सोपे नाही. गाडी येऊ शकत नसल्याने बहुतेकांना स्वतःच्या पायांनीच बाहेर यावे लागते.

शेवटच्या टप्प्यात ला पोसेसियोंनंतर 'इंग्रजांची वाट' येते. बसाल्टच्या ओबडधोबड फरशांची ही अठराव्या शतकातली वाट. १८१० मध्ये बेट घेण्यासाठी आलेल्या ब्रिटिश फौजेच्या काही तुकड्या ग्रांद शालूपला उतरल्या, त्यावरून तिला हे नाव पडले. शंभर-दीडशे किलोमीटर तुडवलेल्या तळव्यांना या फरशा नको होतात. त्याच ग्रांद शालूपच्या घळीत जुने विलगीकरण केंद्र आहे. गुलामी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी करारावर आणलेल्या मजुरांना बेटावर सोडण्याआधी तिथे ठेवत. त्यांतले पुष्कळ भारतातले, बहुसंख्य तमिळ मुलखातले होते. बेटावर त्यांच्या वंशजांना 'मालबार' म्हणतात.

नियमांपैकी सर्वांत जास्त चर्चा होते ती काठ्यांवरच्या बंदीची. आल्प्समधल्या शर्यतींत हातातल्या काठ्या सर्रास चालतात. इथे त्या निषिद्ध. बंदी योग्यच म्हणावी लागेल, कारण अरुंद वाटेवर हजारो टोकदार काठ्या टेकल्या तर आधीच झिजणारी पाऊलवाट आणखी उखडेल आणि मागच्याला इजाही होईल. डोक्यावरचा दिवा, शिट्टी आणि ऊब राखणारे चंदेरी पांघरूण सोबत बाळगणे सक्तीचे आहे. या वाटांवर धावकांचे मृत्यूही झाले आहेत.

नामवंतांची गर्दी अलीकडच्या काळातली. स्पेनचा किलियन जॉर्नेट २०१० आणि २०१२ मध्ये जिंकला. फ्रान्सच्या फ्रांस्वा देनने अनेकदा बाजी मारली. २०१८ मध्ये त्याने आणि बेन्वा जिरोंदेलने एकत्र रेषा ओलांडून विजेतेपद वाटून घेतले. २०२२ मध्ये महिलांत अमेरिकेची कोर्टनी डॉवॉल्टर पहिली आली. जिंकणारे साधारण एक दिवसभरात पोहोचतात. पण शर्यत त्यांच्यामुळे मोठी झालेली नाही. सुटणाऱ्या अडीचेक हजार धावकांत बेटावरच्यांचा वाटा मोठा असतो, आणि शिक्षक, शेतकरी, परिचारिका अशांचे तांडे तिसरी रात्रही चालत राहतात. वाटेत गावकरी रात्रभर शेकोट्या पेटवून, ढोल वाजवून जागे असतात. सें-देनीच्या रदूत मैदानावर मुदतीत पोहोचणाऱ्याला जो टी-शर्ट मिळतो, त्यावर 'मी वाचलो' असे लिहिलेले असते. कित्येकांना तो मिळत नाही; काही वर्षी तिसरा हिस्सा धावक वाटेतच थांबतात.

त्याच आठवड्यात शंभरेक किलोमीटरची त्रेल द बुर्बों आणि सत्तरेक किलोमीटरची मास्कारेन्य या धाकट्या शर्यतीही होतात. सिंहगड-राजगड-तोरण्याच्या वाटांवर धावून तयार झालेल्या मराठी धावकाने रियुनियनला जायचे ठरवले, तर पहिल्या वर्षी मास्कारेन्य पुरे. माफातचा अंदाज तिथेही येतो.