जेसीबी पुढेही जाईना, मागेही येईना: गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय बघायचं?

(या भागाचा लेखी उतारा. बोलण्यातलं थोडं आवरून लिहिलंय.)

आजचा विषय जरा वेगळा आहे. मी सॉफ्टवेअरवाला माणूस, बीटेक करून कोड लिहितो. पण गेल्या उन्हाळ्यात तीन दिवस मी एका बॅकहो लोडरच्या ट्रान्समिशनमध्ये डोकं घालून बसलो होतो. आपल्याकडे कंपनी कुठलीही असो, त्या मशीनला जेसीबीच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणणार.

सांगली जिल्ह्यातल्या गावाहून मामांचा फोन आला. "अरं, मशीन जागचं हलंना बघ. पुढं बी न्हाई, मागं बी न्हाई." मशीन दुसऱ्याच्या शेततळ्यात उभं. मामांचं हे एकच मशीन, त्यावर बँकेचं कर्ज, आणि हप्त्याची तारीख आठवड्यावर. मेकॅनिक म्हणाला होता, "क्लच प्लेटा गेल्या, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." खर्च लाखाच्या घरात. मामांनी मला फोन केला तो दुरुस्तीसाठी नाही, पैशांसाठी. मी म्हटलं, "मामा, पैशांचं बघू. आधी मी येतो."

आधी रचना समजून घेऊ

बहुतेक जेसीबीत कारसारखा क्लच पेडल नसतो. इंजिनची ताकद टॉर्क कन्व्हर्टरमधून, म्हणजे तेलाच्या माध्यमातून, गिअरबॉक्समध्ये जाते. आत दोन क्लच पॅक असतात, एक पुढे जाण्यासाठी आणि एक मागे येण्यासाठी. ट्रान्समिशनचा स्वतःचा पंप तेलाला दाब देतो. स्टिअरिंगजवळचा लिव्हर पुढे टाकला की एका सोलेनॉइडला वीज मिळते, तो झडप उघडतो, दाबाचं तेल क्लच पॅकमध्ये शिरतं आणि मशीन चालतं.

म्हणजे साखळी अशी: वीज, झडप, तेलाचा दाब, क्लच, गिअर, प्रॉपेलर शाफ्ट, चाक. कडी कुठलीही तुटली तरी बाहेरून दिसतं एकच, मशीन हलत नाही.

आणि एक गैरसमज. "बकेट, बूम तर झकास चालतंय" यावरून ट्रान्समिशनबद्दल काहीच कळत नाही. त्याचा पंप वेगळा, तेल वेगळं.

प्रश्न विचारत साखळी अर्धी करायची

एकच दिशा बंद असेल तर संशय त्या दिशेच्या सोलेनॉइडवर किंवा क्लचवर. दोन्ही एकदम बंद असतील तर दोघांना सामायिक असलेल्या गोष्टीवर: तेल, पंप, कन्व्हर्टर, किंवा वीजपुरवठा. दोन्ही क्लच एकाच दुपारी जळणं अशक्य नाही, पण पहिला अंदाज तो नसावा.

थंड असताना चालतं आणि तापल्यावर बंद पडतं? मग पंप किंवा सील झिजल्याचा संशय. तेल पातळ झालं की दाब गळतो.

लिव्हर टाकल्यावर प्रॉपेलर शाफ्ट फिरतो पण चाक नाही? मग बिघाड पुढे अ‍ॅक्सलमध्ये. हे लांबून, बाजूने बघायचं. चालू मशीनखाली कुणीही शिरायचं नाही.

आम्ही काय केलं

मशीन सपाट जागेवरच होतं. बकेट जमिनीला टेकवली, मागचे पाय खाली केले, चाकांना लाकडी ओंडके लावले. हे आधी, कारण बिघाड सापडला की मशीन अचानक चालतं.

मग तेल. पातळी इंजिन चालू ठेवून बघायची की बंद करून, हे मॉडेलवर असतं, मॅन्युअल बघा. आमची पातळी बरोबर. जळका वास नाही, दुधट रंग नाही, चकाकणारा कीस नाही. क्लच जळला असता तर तेलाने बहुधा चुगली केली असती. इथेच मला धीर आला.

मला खात्री होती की फ्यूज गेलाय. फ्यूज धडधाकट निघाला. मामा हसले, "लेका, काम्पुटर न्हाई हे!"

मग गावातल्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं. इंजिन बंद, चावी चालू, पार्किंग ब्रेक सोडलेला. कारण बऱ्याच मशीनला ब्रेक ओढलेला असेल तर पुढे-मागेची वीजच मिळत नाही. ब्रेकचा स्विच अडकला तरी हीच लक्षणं दिसतात. लिव्हर पुढे टाकला, सोलेनॉइडचा "टक्" आवाज नाही. मागे, तरीही नाही. प्लगवर टेस्ट लॅम्प लावला, दिवा लागेना. म्हणजे गिअरबॉक्सपर्यंत हुकूमच पोचत नव्हता! क्लच बिचारे निर्दोष.

आता उरली वायरिंग. गिअर लिव्हरच्या मुठीवर एक बटण असतं. गिअर बदलताना ते दाबलं की दोन्ही सोलेनॉइडची वीज तुटते आणि क्लच सुटतो. इलेक्ट्रिशियनने तो लिव्हर नुसता हलवला आणि दिवा लुकलुकला. रबरी बूट वर केला, तर आत वायर घासून सोललेली, लोखंडाला टेकत होती. मशीनला वाटत होतं, बटण सतत दाबलेलंच आहे. वायर बदलली, वर नळी चढवली. खर्च, मजुरीसकट, चारशे रुपये.

दिवा लागला असता तर?

तर पुढची पायरी प्रेशर गेज. ट्रान्समिशनवर दाब मोजायची जागा असते. सगळीकडेच दाब कमी असेल तर फिल्टर, गाळणी, पंप, रिलीफ झडप बघा. एकाच दिशेला दाब पडत असेल तर त्या क्लचचं सील. आणि हे मोजल्यावरच गिअरबॉक्स उतरवायचा निर्णय घ्या.

बंद मशीन दोर लावून लांब ओढत नेऊ नका. इंजिन बंद म्हणजे ट्रान्समिशनचा पंप बंद, आतल्या भागांना तेल मिळत नाही. स्टिअरिंगही जड होतं.

शेवटचं

वायर बदलल्यावर ऑपरेटर हळूच म्हणाला, "दोन दिवस आधी तिसरा गिअर टाकताना मशीन मधेच सुटायचं." मी विचारलं, "मग सांगितलं का नाही?" तो म्हणाला, "कुणी विचारलंच न्हाई."

सॉफ्टवेअर बिघडलं की आम्ही आधी लॉग वाचतो. इथे लॉग तीन दिवस आमच्या शेजारी बसून चहा पीत होता. तेव्हा मंडळी, पाना हातात घेण्याआधी मशीन चालवणाऱ्याला विचारा.

हप्ता वेळेवर गेला. भेटू पुढच्या भागात!