वाढत्या पावलाचा हिशेब

शाळा सुरू होण्याच्या तोंडावर एका वाचक आईने प्रश्न पाठवला आहे. मुलगा चार वर्षांचा. त्याची ओली पावले फरशीवर उमटली की पूर्ण तळवा दिसतो, आतल्या बाजूची पोकळी दिसतच नाही. बुटांच्या दुकानात विक्रेत्याने तिला सांगितले, "ताई, याचे पाय सपाट आहेत. कमानीला आधार देणारेच बूट घ्या, नाहीतर पुढे त्रास होईल." त्या बुटांची किंमत साध्या बुटांच्या चौपट. घ्यावेत का?

या कारणासाठी तर मुळीच घेऊ नयेत. असे ठामपणे सांगता येते, कारण या प्रश्नावर गेल्या काही दशकांत चांगले संशोधन झाले आहे. त्यातले एक महत्त्वाचे काम आपल्या शेजारीच, कर्नाटकच्या किनाऱ्यावर झाले, आणि ते आपल्याकडे फारसे कुणाला ठाऊक नाही.

आधी त्या ओल्या ठशाविषयी. मोठ्या माणसाच्या पावलात २६ हाडे असतात. जन्मतः त्यांचा बराचसा भाग कूर्चेचा असतो. कमानीच्या माथ्यावर बसणारे नौकेच्या आकाराचे हाड तर दुसऱ्या ते चौथ्या वर्षाच्या दरम्यान कुठे कठीण होऊ लागते. अस्थिबंध सैल असतात आणि तळव्याच्या आतल्या बाजूला चरबीची गुबगुबीत गादी असते. अशा पावलाचा ठसा सपाट उमटणारच. ऑस्ट्रियात तीन ते सहा वर्षांच्या ८३५ मुलांची पावले तपासली गेली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात तीन वर्षांच्या मुलांपैकी ५४ टक्क्यांची पावले सपाट होती आणि सहा वर्षांच्या मुलांपैकी फक्त २४ टक्क्यांची. ज्याला खरोखर आजार म्हणावे असे सपाट पाऊल एक टक्क्याहूनही कमी मुलांत सापडले. तरीही दहा टक्क्यांहून अधिक मुले कमानीच्या आधाराचे इनसोल वापरत होती. म्हणजे बहुतेकांना गरज नसलेल्या गोष्टीवर आईबापांनी पैसे घातले होते.

हे आधार निदान उपयोगी तरी पडतात का, हे पाहण्यासाठी अमेरिकेत डेनिस वेंगर आणि सहकाऱ्यांनी सरळ प्रयोगच केला. एक ते सहा वर्षांच्या, सपाट पण लवचिक पावलांच्या मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गट पाडले. एका गटाला खास 'सुधारक' बूट, दुसऱ्याला टाचेखाली बसणारी वाटी, तिसऱ्याला मापाने घडवलेले प्लास्टिकचे इनसोल, आणि चौथ्याला काहीच नाही. किमान तीन वर्षे हे चालले. शेवटपर्यंत टिकलेल्या ९८ मुलांचे एक्स-रे काढून पाहिले, तेव्हा चारही गटांची पावले सुधारली होती, आणि ज्यांना काहीच दिले नव्हते त्यांची इतरांइतकीच. हा निष्कर्ष १९८९ साली छापून आला. मुलांची पावले वयानुसार आपोआप सुधारत होती, आणि श्रेय मात्र बुटांना मिळत होते.

आता शेजारच्या कामाकडे येऊ. कस्तुरबा मेडिकल कॉलेजमधील यू. बी. राव आणि बेंजामिन जोसेफ या अस्थिशल्यतज्ज्ञांनी प्रश्नच उलटा करून विचारला. बूट सपाट पाऊल सुधारतात का, हे सगळे विचारत होते. बुटांमुळेच पाऊल सपाट राहते का, हे यांनी पाहायचे ठरवले. हा प्रश्न युरोपात विचारणे अवघड होते, कारण तिथे अनवाणी वाढणारी मुले सापडणार कुठे? आपल्याकडे एकाच भागात बूट घालणारी, चपला घालणारी आणि अनवाणी फिरणारी अशी तिन्ही प्रकारची मुले होती. त्यांनी चार ते तेरा वर्षांच्या २३०० मुलांच्या पावलांचे ठसे घेतले. पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पावलांचे प्रमाण ८.६ टक्के निघाले, अनवाणी मुलांत २.८ टक्के. बोटे पूर्ण झाकणारे बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त, सँडल आणि चपला घालणाऱ्यांत त्याहून कमी, अनवाणी मुलांत सर्वांत कमी. १९९२ साली हा निबंध ब्रिटनमधील अस्थिशल्यशास्त्राच्या अग्रगण्य नियतकालिकात आला आणि मुलांच्या पावलांवर लिहिणाऱ्या जगभरच्या संशोधकांना आजही त्याचा उल्लेख करावा लागतो.

जोसेफ तिथे थांबले नाहीत. सच्चिदानंदम यांच्यासह त्यांनी हाडांची वाढ पूर्ण झालेल्या १८४६ व्यक्ती तपासल्या आणि बूट घालायला कोणत्या वयात सुरुवात केली, हे प्रत्येकाला विचारले. सहा वर्षांच्या आत सुरुवात केलेल्यांत सपाट पावले ३.२४ टक्के, सहा ते पंधरा या वयात सुरुवात केलेल्यांत ३.२७ टक्के, आणि सोळाव्या वर्षी सुरुवात केलेल्यांत १.७५ टक्के. फरक आहे, पण तो प्रचंड नाही, हेही नोंदवले पाहिजे. शिवाय ही पाहणी होती, प्रयोग नव्हे. बूट घालणारी आणि न घालणारी मुले वजनाने, घरच्या परिस्थितीने वेगळी असू शकतात. तरी पुढे दक्षिण आफ्रिकेतील अनवाणी वाढणारी आणि जर्मनीतील बुटांत वाढणारी मिळून ८१० मुले शेजारी ठेवून पाहिली गेली (२०१७), तेव्हाही अनवाणी मुलांचीच कमान उंच भरली. तीन खंडांतल्या वेगवेगळ्या मुलांवरून एकच दिशा दिसते, तेव्हा ती गांभीर्याने घ्यावी लागते.

यामागची यंत्रणा समजायला सोपी आहे. मोडलेल्या हाताचे प्लास्टर काही आठवड्यांनी काढले की मनगट बारीक झालेले दिसते, कारण स्नायूंना काम नव्हते. पावलातले छोटे स्नायूही जमीन चाचपडत, बोटांनी पकड घेत, खडबडीतपणाशी जुळवून घेत बळकट होतात. सोल कडक आणि आधार भक्कम असेल तर ते काम बूटच करतो. अमेरिकेतील बालअस्थितज्ज्ञ लिन स्टाहेली यांनी १९९१ साली सगळे उपलब्ध पुरावे तपासून लिहिले की 'सुधारक बूट' हे नावच चुकीचे आहे आणि मुलांचा बूट निवडताना अनवाणी पाऊल हाच नमुना धरावा.

मग दुकानात विज्ञानाच्या नावाने एवढी विक्री कशी होते? त्याची परंपरा जुनी आहे, आणि तिच्यातले एक यंत्र विज्ञानाच्या इतिहासात मला सर्वांत विलक्षण वाटते. पहिल्या महायुद्धानंतर बोस्टनच्या जेकब लो नावाच्या डॉक्टरने पायांची तपासणी करणारे क्ष-किरण यंत्र बुटांच्या दुकानासाठी तयार केले. १९२७ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. इंग्लंडमध्ये सेंट ऑल्बन्स गावची कंपनी असेच यंत्र 'पेडोस्कोप' नावाने विकत होती. लाकडी पेटी, खाली पाय सरकवायला फट, वर पाहण्यासाठी तीन झरोके: एक मुलासाठी, एक आईसाठी, एक विक्रेत्यासाठी. नवा बूट घालून मूल उभे राहिले की हिरवट पडद्यावर बुटाच्या आतली आपलीच हाडे त्याला हलताना दिसत. मुले हट्टाने त्या दुकानात जात. १९५०च्या सुमारास एकट्या अमेरिकेत अशी सुमारे दहा हजार यंत्रे होती.

माप बरोबर आहे की नाही, हे कळायला या यंत्राची काहीच गरज नव्हती. अंगठ्यापुढे किती जागा आहे ते बोटाने दाबून कळते. बूट मऊ मांसाला कुठे दाबतो, हे तर हाडांच्या सावलीत दिसतच नाही. किरणोत्साराचा धोका स्पष्ट होत गेला, तशी वाढत्या हाडांवर आणि दिवसभर यंत्राजवळ उभ्या राहणाऱ्या नोकरांवर होणाऱ्या परिणामांची चिंता वाढली. १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियाने त्यावर सर्वांत आधी बंदी घातली. आईच्या मनातली काळजी खरी होती, पण हाडांचा तो खेळ दाखवून तिला बूट विकले गेले. आज 'कमानीला आधार', 'तज्ज्ञांनी प्रमाणित' असे शब्द दिसले की मला ती पेटी आठवते.

किंमत आणि गुण यांचे नाते स्वतंत्रपणेही तपासले गेले आहे. स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठात तीन कंपन्यांचे, प्रत्येकी तीन किमतींचे धावण्याचे बूट प्रौढ पुरुषांना घालायला देऊन तळव्यावरचा दाब मोजला. २००८च्या त्या अभ्यासात स्वस्त आणि मध्यम किमतीच्या बुटांनी महागड्यांइतकीच, काही ठिकाणी जास्तच गादी पुरवली. प्रौढांचे निष्कर्ष मुलांना जसेच्या तसे लावता येत नाहीत, पण किमतीवरून गुण ठरवू नये, एवढे यातून नक्की शिकता येते.

मुलांच्या बाबतीत मात्र एक हिशेब असा आहे की तिथे महागडा बूट थेट नुकसान करू शकतो. पहिल्या तीन वर्षांत पाऊल महिन्याला साधारण दीड मिलीमीटर वाढते, पुढची दोन-तीन वर्षे सुमारे एक मिलीमीटर. आपल्याकडे अजून चालणाऱ्या ब्रिटिश मापपद्धतीत एका मापातून दुसऱ्यात जाताना इंचाचा तिसरा भाग, म्हणजे साडेआठ मिलीमीटर वाढतात. जुन्या इंग्रजी हिशेबात ही एका जवाच्या दाण्याची लांबी! म्हणजे चार वर्षांच्या मुलाला आठ-नऊ महिन्यांत पुढचे माप लागते. बूट महाग असला की तो फेकवत नाही. मग आपण दोनपैकी एक करतो. आधीच वाढत्या अंगाचा, दोन मापे मोठा घेतो आणि पाऊल आत घसरत राहते. किंवा आखूड पडला तरी "अजून चांगला आहे की" म्हणत वापरायला लावतो. मूल तक्रार करत नाही, कारण त्याचे पाऊल मऊ असते आणि बोटे मुकाट दुमडली जातात. बूट चावला तर रडेल, आखूड झाला तर कळणारही नाही. ऑस्ट्रियातच ८५८ बालवाडीच्या मुलांच्या पाहणीत (२००९) बाहेर वापरायचे बूट सुमारे ६९ टक्के मुलांना आखूड होत होते, आणि अंगठा वाकडा होण्याशी त्याचा संबंध आढळला.

मापाचा प्रश्न आपल्याकडे आणखी वेगळा आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशभरातील ७९ ठिकाणी एक लाखाहून अधिक लोकांची पावले त्रिमितीय स्कॅनरने मोजली. भारतीय पावले युरोपीय पावलांपेक्षा सरासरीने रुंद असल्याचे दिसले. त्यावरून 'भ' ही देशी मापपद्धती सुचवली गेली, आणि तिच्यात लहान मुलांसाठी वयानुसार वेगळे गट आहेत. परदेशी साच्यावर बेतलेला अरुंद बूट कितीही महाग असला, तरी रुंद चवड्याला तो दाबणारच.

यावरून मुलांना अनवाणीच फिरवा, असा अर्थ कुणी काढू नये. आर्थर लूस या जर्मन परजीवीतज्ज्ञाला कैरोत काम करताना, १८९८च्या सुमारास, आकडीकृमीच्या अळ्या धड त्वचेतूनही शरीरात शिरतात याचा शोध लागला. अळ्यांचे पाणी त्याच्या स्वतःच्या हातावर सांडले होते. पावसाळ्यातला चिखल, शेताचा बांध, काचा, खिळे, विंचूकाटा यांपासून पाऊल वाचवणे हे पादत्राणाचे खरे काम आहे, आणि ते साध्या, स्वस्त जोडानेही होते.

तेव्हा त्या आईला उत्तर असे. बूट मुलाला हातात धरून चवड्यापाशी सहज वाकवता आला पाहिजे. पुढचा भाग रुंद हवा, बोटे हलली पाहिजेत. मूल उभे असताना, शक्यतो संध्याकाळी, दोन्ही पावले मोजावीत आणि मोठ्या पावलाला बूट घ्यावा. सर्वांत लांब बोटापुढे बोटभर रुंदीची जागा असावी. लेस, वेल्क्रो किंवा बक्कलने टाच घट्ट बसावी. दर दोन-तीन महिन्यांनी आत हात घालून पाहावे. पाऊल दुखत असेल, ताठ असेल, एकच पाऊल सपाट असेल किंवा मूल लंगडत असेल, तर दुकानात नाही, डॉक्टरांकडे जावे. आणि एका महागड्या जोडाच्या पैशांत वर्षभरात दोन बेताचे जोड घ्यावेत.

शेवटची विनंती शाळांना. बालवाडीपासून दिवसभर काळे, बंद, कडक बूट सक्तीचे करण्यामागे शिस्तीखेरीज कोणतेही कारण मला सापडलेले नाही. आपल्या दमट हवेत ते घामाने भिजतात, पावसात दोन-दोन दिवस वाळत नाहीत. सहा वर्षांखालच्या मुलांना वर्गात अनवाणी बसू द्यावे आणि बाहेर सँडल चालतील असा नियम करावा. राव आणि जोसेफ यांच्या आकड्यांना तीस वर्षे होऊन गेली आहेत. ते मुख्याध्यापकांच्या टेबलापर्यंत पोहोचवायला पालकसभेतला एक प्रश्न पुरेसा आहे.