भूकंप समजून घेऊ, आपले घर तपासू

संगमनेर तालुक्याच्या पठार भागात, घारगाव-बोटा परिसरात, गेल्या काही वर्षांत भूकंपाचे सौम्य धक्के जाणवले आहेत. आधी जमिनीतून गुरगुर ऐकू येते, मग मांडणीवरची भांडी वाजतात आणि माणसे लेकरांना घेऊन अंगणात धावतात. आपल्या घरातले बुजुर्ग ज्याला ‘जलजला’ म्हणतात, तो हाच. अशा वेळी मुले हमखास विचारतात, ‘अम्मी, जमीन हलते कशी?’ या प्रश्नाचे उत्तर आई-वडिलांना ठाऊक असले, तर भीती कमी होते आणि घराकडेही नव्या नजरेने पाहता येते.

आपण ज्या भूपट्टावर राहतो, तो दरवर्षी सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकतो आणि आशियाच्या पट्टाला रेटतो. या रेट्याचा ताण हिमालयापासून दूर असलेल्या आपल्या दख्खनच्या पठारापर्यंत पोहोचतो. जमिनीखालच्या खडकांत जुन्या भेगा असतात. ज्या भेगेच्या दोन्ही बाजूंचे खडक सरकलेले असतात, तिला ‘भ्रंश’ म्हणतात. बांबूची कांबट वाकवत गेलो, तर ती बराच वेळ सोसते आणि मग एकदम कडकन मोडते. खडकांचेही तसेच. वर्षानुवर्षे साठलेला ताण भ्रंशावर क्षणात सुटतो आणि त्याच्या लाटा चहूकडे पसरतात.

या लाटांपैकी पहिली ‘प्राथमिक’ लाट. ती खडकातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने येते आणि जमिनीला पुढे-मागे ढकलते. आपण ऐकतो ती गुरगुर बहुतेक वेळा तिचीच. मागून ‘दुय्यम’ लाट येते. तिचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास असतो, पण ती जमीन आडवी हलवते आणि भिंतींना तीच जास्त छळते. भूकंपाचे केंद्र जवळ असेल, तर या दोन लाटांत एक-दोन सेकंदांचेच अंतर राहते. किल्लारीपासून अहिल्यानगर शहर सरळ रेषेत सव्वादोनशे किलोमीटरच्या घरात आहे. एवढ्या अंतरावर हेच अंतर पंचवीस सेकंदांच्या आसपास जाते. नाशिकच्या ‘मेरी’ संस्थेसारख्या ठिकाणचे भूकंपमापक हे अंतर मोजूनच केंद्र किती दूर आहे ते सांगतात.

भूकंपाच्या तीव्रतेचा आकडाही नीट समजून घ्यावा. एक अंक वाढला की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ३ रिश्टरच्या धक्क्यापेक्षा ६ रिश्टरचा धक्का दुप्पट नव्हे, तर तीस हजार पटींहून अधिक ऊर्जेचा!

किल्लारीत तेच झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणेश विसर्जनाहून थकून परतलेली गावे झोपेत असताना, ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत दहा हजारांच्या आसपास माणसे गेली. त्या काळच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. काळ्या पाषाणाच्या जाड थराखाली दडलेला भ्रंश वरून दिसत नव्हता. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेलाही मोठा भूकंप झाला होता, पण तिथे धरणाच्या जलाशयाचा संबंध असल्याने बाकीचे पठार निर्धास्त राहिले.

किल्लारीत माणसे मेली ती जमीन फाटून नव्हे, घरे अंगावर पडून. दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, त्यांत गोल दगड आणि चिखलाचा दर्जा, वर मातीचे जड माळवद. अशा भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांना बांधणारे काही नसते. आडवा हिसका बसला की थर सुटतात आणि वरची माती खाली येते. अनेक घरांत लाकडी खांब-तुळया उभ्या राहिल्या आणि दगडी भिंती तेवढ्या कोसळल्या.

आपल्या जिल्ह्यातही धाब्याची घरे, जुने वाडे अजून नांदते आहेत. गळती थांबावी म्हणून दर पावसाळ्याआधी धाब्यावर पांढरी माती टाकायची आपली रीत. पण जुनी न काढता नवी टाकत गेलो, तर डोक्यावरचे ओझे दरवर्षी वाढते. ते आधी उतरवा. फुगलेली किंवा कोपऱ्यात फाटलेली भिंत जाणकार गवंडी किंवा अभियंत्याला दाखवा. नव्या दगडी बांधकामात भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घाला, आणि दारा-खिडक्यांच्या वर चारही भिंतींना सलग काँक्रीटचा पट्टा बांधून घ्या. त्याने भिंती एकमेकींना धरून राहतात.

आणि आजच होण्यासारखे काम? पलंगाच्या डोक्याशी असलेले कपाट भिंतीला पक्के करा किंवा पलंग हलवा. माळ्यावरचे जड पातेले, पाटा-वरवंटा खाली घ्या. उशाशी बॅटरी आणि चपला ठेवा. पक्क्या घरात धक्का जाणवला, तर जिन्याकडे धावू नका. मजबूत टेबलाखाली डोके झाका, आणि हालचाल थांबल्यावर गॅस बंद करून मोकळ्या जागी या. अंगणात असाल, तर भिंत आणि विजेच्या तारांपासून दूर राहा.

भूकंप कोणत्या दिवशी येणार, हे आजचे विज्ञान सांगू शकत नाही. कोणती भिंत आधी पडेल, हे मात्र ते सांगते. आज मुलांना झोपवताना त्यांच्या उशाशी कोणती भिंत आहे, तेवढे एकदा पाहा.