स्नेह, मेद आणि स्तनाचा कर्करोग

‘स्नेह’ या एकाच शब्दाने माया आणि तेल-तूप या दोहोंचा बोध होतो. आहारातील हा स्नेह स्तनाच्या कर्करोगास कारण होतो काय, हा प्रश्न मात्र केवळ पुराव्यावरच सोडविला पाहिजे.

१९७५ साली आर्मस्ट्राँग व डॉल यांनी अनेक देशांची आकडेवारी ताडून पाहिली. जेथे स्निग्ध पदार्थांचा खप अधिक, तेथे हा रोगही अधिक, असे त्यांस आढळले. आपल्याकडेही तसाच भास होतो. बंगळूरची कर्करोग-नोंदणी १९८२ पासून आणि बार्शीची १९८७ पासून चालू आहे. बार्शीच्या ग्रामीण भागापेक्षा बंगळूरमध्ये या रोगाचे प्रमाण पुष्कळच अधिक आहे. तथापि शहर आणि खेडे यांत अंतर केवळ तेलाचे नसते. विवाहाचे वय, अपत्यांची संख्या, अंगावर पाजण्याचा काळ आणि शारीरिक श्रम ही सारीच भिन्न असतात. १९७०च्या दशकाच्या अखेरीस उभारणी सुरू झालेल्या इलेक्ट्रॉनिक सिटीत दिवसभर बसून काम करणाऱ्या स्त्रीच्या ताटातील शेंगदाण्याचे तेल कदाचित तिच्या आजीच्याच घरचे असेल. पण आजीचे शेतातले श्रम तिच्या वाट्याला आलेले नाहीत.

अमेरिकेत १९९३ पासून रजोनिवृत्त अशा ४८,८३५ स्त्रियांवर याची प्रत्यक्ष परीक्षा झाली. अल्पस्निग्ध आहार घेणाऱ्या गटात रोगाचे प्रमाण ९ टक्क्यांनी कमी दिसले. परंतु हा फरक योगायोगाचाही असू शकेल, असे २००६ साली नमूद झाले. सुमारे वीस वर्षांच्या पाठपुराव्यात या रोगाने होणारे मृत्यू २१ टक्क्यांनी कमी आढळले. मात्र त्या स्त्रियांनी फळे, भाज्या व धान्येही वाढविली होती आणि त्यांचे वजनही किंचित उतरले होते. यास्तव सारे श्रेय तेल कमी करण्यास देता येत नाही.

वजनाचे महत्त्व सकारण आहे. रजोनिवृत्तीनंतर बीजकोशांचे कार्य थांबते आणि ईस्ट्रोजेन मुख्यतः मेदपेशींत तयार होते. हे संप्रेरक स्तनातील अनेक अर्बुदांच्या वाढीस पोषक ठरते. म्हणजे ताटातील स्नेहापेक्षा देहात साठलेला मेद अधिक विचारणीय होय.

तेल बदलले म्हणून निश्चिंत होणे जितके चुकीचे, तितकेच रोग झाल्यावर स्वयंपाकघरास दोष देणेही अन्यायाचे. मुंबईत १९९८ पासून टाटा रुग्णालयाने १,५१,५३८ स्त्रियांचा अभ्यास केला. त्यातील एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी करीत. या गटातील पन्नाशीपुढील स्त्रियांत मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२१ साली प्रसिद्ध झाले. आहाराचा संयम हितकर खराच. पण तो तपासणीची जागा घेऊ शकत नाही.