चौसष्ट केबीत मावलेलं इंटरनेट

कमोडोर ६४ बाजारात आला १९८२ साली. स्मृती ६४ केबी, प्रोसेसरचा वेग जेमतेम एक मेगाहर्ट्झ. पण घरात एकटं बसून राहणं या यंत्राच्या स्वभावातच नव्हतं. फोनवरून दुसऱ्या संगणकाशी जोडणारा, शंभर डॉलरच्या आतला व्हिकमोडेम लगेच मिळू लागला. हाताने नंबर फिरवायचा, पलीकडून शिट्टी आली की रिसीव्हरची वायर उपसून मोडेममध्ये खोचायची. वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला तीसेक अक्षरं. चाळीस रकाने आणि पंचवीस ओळींचा पडदा भरायला अर्धं मिनिट जायचं.

१९८५च्या नोव्हेंबरात खास कमोडोरवाल्यांसाठी क्वांटम लिंक ही ऑनलाइन सेवा सुरू झाली, तीही फक्त संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी. (ती चालवणारी कंपनीच पुढे अमेरिका ऑनलाइन म्हणून गाजली.) ब्रिटनमध्ये त्याआधीच, १९८३पासून, मायक्रोनेट ८०० होतं. गप्पा, खेळ, बातम्या, सगळं होतं. नव्हतं ते इंटरनेट. फोनच्या पलीकडे एका कंपनीचा संगणक, आणि तिच्या कुंपणात जे असेल ते. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ला. तोवर १९८४च्या ‘क्लास’ योजनेतून आपल्या शाळांत आलेल्या बीबीसी मायक्रो संगणकांचा जमाना सरला होता.

टीसीपी/आयपी, म्हणजे इंटरनेटवर संगणक एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात ते, कमोडोरसारख्या आठ-बिटी यंत्राला झेपायचं नाही, असंच तेव्हा बहुतेक जण धरून चालत. स्वीडनमधल्या अ‍ॅडम डंकेल्स यांनी ते खोटं ठरवलं. ‘यूआयपी’ या त्यांच्या चिमुकल्या टीसीपी/आयपीचा कोड काही किलोबाइटचा, आणि स्मृती लागे ती काहीशे बाइट. एवढी काटकसर साधली कशी? एरवी संगणक पाठवलेल्या माहितीची प्रत पोच येईपर्यंत सांभाळून ठेवतो. वाटेत ती हरवली तर पुन्हा पाठवता यावी म्हणून. यूआयपी प्रत ठेवतच नाही. माहिती हरवली, तर ज्या प्रोग्रॅमने ती तयार केली त्यालाच ती पुन्हा तयार करायला लावते. शिवाय एका जोडणीवर एका वेळी एकच पुडकं पाठवायचं आणि पोच येईपर्यंत थांबायचं. वेग पडतो, पण काम होतं. २००३मध्ये याच पायावर डंकेल्स यांची ‘कॉन्टिकी’ ही कार्यप्रणाली आली आणि कमोडोर ६४वर ब्राउझर चालू लागला, वेब सर्व्हरसुद्धा.

२०१४मध्ये ईएसपी८२६६ ही स्वस्त वायफाय चिप आली आणि सगळं सोपं झालं. जुन्या यंत्राला वाटतं आपण मोडेमशीच बोलतोय. प्रत्यक्षात चिपच सगळं नेटवर्क सांभाळते. अटारी संगणकांसाठीचं फुजीनेट हे जोडयंत्रही त्याच जातीच्या ईएसपी३२ चिपवर चालतं. आजच्या संकेतस्थळांचं एन्क्रिप्शन एका मेगाहर्ट्झला सोसणारं नाही, त्यामुळे ही मदत घेण्यावाचून गत्यंतरही नाही. तरी गंमत बघा: ईएसपी८२६६ ३२-बिटी आहे, ८० मेगाहर्ट्झवर धावते. म्हणजे चाकरच मालकापेक्षा कितीतरी दांडगा.

सोय म्हणून ती चिप लावावी, माझी ना नाही. पण नेटला जोडलं गेलेलं यंत्र म्हणून मी डंकेल्स यांच्या कमोडोरलाच मानतो, कारण तिथे पुडकी बांधणारा आणि सोडणारा प्रोसेसर त्याचा स्वतःचा होता. आणि ती मेहनत हौसेपुरतीही राहिली नाही. यूआयपी आणि कॉन्टिकी पुढे बॅटरीवर चालणाऱ्या बिनतारी सेन्सरांमध्ये गेल्या. तिथेही स्मृती किलोबाइटांतच मोजावी लागत होती.