मानेतला ‘कट्’ आवाज (कण्याची गोष्ट : लेखांक ६)

ड्वायर, एप्रिल आणि बोगडुक या तीन डॉक्टरांनी १९९० साली एक धाडसी प्रयोग प्रसिद्ध केला. ज्यांची मान अजिबात दुखत नव्हती अशा मोजक्या स्वयंसेवकांच्या मानेत, मागच्या बाजूने, एक्स-रेच्या पडद्यावर बघत त्यांनी सुई नेली. एकेका सांध्यात थोडं द्रव सोडून तो आतून ताणला आणि कळ कुठे उठते ते विचारलं. दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यांमधला सांधा ताणला, तर डोक्याची मागची बाजू दुखली. पाचव्या-सहाव्यामधला ताणला, तर खांदा दुखला. सहाव्या-सातव्यामधल्या सांध्याची कळ थेट फऱ्यावर उतरली. या उत्तरांवरून मानदुखीचा नकाशाच तयार झाला.

हा नकाशा आजही उपयोगी पडतो, कारण रुग्ण बोट ठेवतो खांद्यावर आणि दुखण्याचं मूळ असतं मानेत. खांद्याला मलम चोळून, शेक घेऊन, खांद्याचाच एक्स-रे काढून महिने निघून जातात.

मानेत ७ मणके असतात आणि त्यांनी पेललेलं डोकं साधारण साडेचार ते पाच किलोंचं असतं. दुसऱ्या मणक्यापासून खाली पुढच्या बाजूला मणक्यांमध्ये चकत्या असतात. त्यांची माहिती मागच्या लेखांकात आली आहे. मागच्या बाजूला, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, अशी छोट्या सांध्यांची जोडी असते. हे फॅसेट सांधे. असतात करंगळीच्या नखाएवढे, पण खरेखुरे सांधे : आत गुळगुळीत कूर्चा, वंगणासारखा द्रव, भोवती चिवट पिशवी आणि त्या पिशवीत वेदना जाणवणारे मज्जातंतू. वयानुसार कूर्चा झिजते. गाडीला मागून धडक बसून मान झटका खाते तेव्हा ही पिशवी ताणली जाते. सांधा दुखावला की आजूबाजूचे स्नायू आखडतात आणि सकाळी उठावं तर मान एका बाजूला धरलेली असते.

मग एमआरआय निघतो. अहवालात ‘डिस्क बल्ज’ आणि ‘डिजनरेशन’ हे शब्द दिसतात आणि घरात ‘मणक्यात गॅप आलाय’ अशी चर्चा सुरू होते. इथे जपानमधला एक अभ्यास आवर्जून सांगायला हवा. मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ जणांचे एमआरआय तपासले गेले आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांच्या चकत्या फुगलेल्या होत्या. विशीतल्या तरुणांमध्येही हे प्रमाण ७० टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे चित्रात झीज दिसली एवढ्यावरून दुखण्याचं कारण सापडलं असं होत नाही. उलट, दुखणारा फॅसेट सांधा चित्रात अगदी धडधाकट दिसू शकतो. खात्रीची तपासणी एकच : त्या सांध्याची बारीक नस सुईने तात्पुरती बधिर करायची आणि दुखणं थांबतं का ते पाहायचं.

अशी खात्री करून पुढे काय साधतं, हे बोगडुक यांच्याच ऑस्ट्रेलियातल्या गटाने १९९६ साली दाखवलं. अपघातानंतर मान सतत दुखणारे २४ रुग्ण निवडले. निम्म्यांच्या नसेला सुईच्या टोकाने ८० अंश सेल्सिअसची उष्णता दिली. उरलेल्या निम्म्यांना तशीच सुई टोचली, पण तापमान ठेवलं शरीराइतकंच, ३७ अंश. कोणाला काय मिळालं हे रुग्णांनाही कळू दिलं नाही. खोट्या उपचाराच्या गटात दुखणं पूर्वीच्या निम्म्यापर्यंत परतायला मध्यक ८ दिवस लागले. खऱ्या उपचाराच्या गटात २६३. वर्षानुवर्षं ‘हे मनाचं आहे’ असं ऐकत आलेल्या रुग्णांसाठी हा आकडा फार मोलाचा होता. त्यांचं दुखणं खरं होतं आणि त्याचा पत्ता सापडला होता.

सुईपर्यंत जाण्याची वेळ मात्र थोड्यांवरच येते. बहुतेकांना आधी हवे असतात हात, आणि इथेच कायरोप्रॅक्टिकचा विषय येतो. मणक्याला हाताने नेमका झटका देण्याची ही पद्धत अमेरिकेत, आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी जन्मली. तिथे डॅनिएल डेव्हिड पामर नावाचे गृहस्थ चुंबकीय उपचार करत. १८९५ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी हार्वी लिलर्ड या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि बरीच वर्षं गेलेली त्याची श्रवणशक्ती परत आली, असा दावा केला. त्यावरून त्यांनी सिद्धान्त मांडला की, जागचे हललेले मणके हेच बहुतेक रोगांचं मूळ. शरीररचनेला हे मान्य नाही. ऐकण्याची नस आतल्या कानातून सरळ मेंदूकडे जाते, तिचा सगळा प्रवास कवटीच्या आतच होतो. पाठीच्या मणक्याशी तिची गाठच पडत नाही.

सिद्धान्त चुकीचा होता, म्हणून हात निरुपयोगी ठरत नाहीत. झटका देताना ‘कट्’ असा आवाज होतो आणि हाड जागेवर बसलं असं वाटतं. तो आवाज हाडाचा नसतो. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात बोटांचे सांधे मोडताना एमआरआयचं चलत्चित्र घेतलं गेलं, ते २०१५ साली प्रसिद्ध झालं. सांधा ओढला जाताच आतल्या द्रवात वायूची पोकळी क्षणात तयार होते आणि आवाज त्याच वेळी होतो, असं त्यात दिसलं. झटक्यानंतर मोकळं वाटतं ते स्नायूंचा ताण आणि वेदनेची जाणीव काही काळ कमी होते म्हणून. हा आराम खराच असतो, फक्त तो हाड सरकल्यामुळे मिळत नाही.

तो किती मिळतो? अमेरिकेतल्या मिनेसोटामध्ये मानदुखीच्या २७२ रुग्णांचे तीन गट केले : एकाला मणक्यांवर हाताचे उपचार, दुसऱ्याला औषधं, तिसऱ्याला घरी करायचे व्यायाम. २०१२ साली निकाल आला. १२ आठवड्यांनंतर हाताचे उपचार औषधांपेक्षा सरस ठरले, पण घरचे व्यायामही त्यांच्या तोडीस तोड ठरले. व्यायाम तरी काय होते? हनुवटी हळूच मागे घेणं, मान डावी-उजवीकडे वळवणं, कान खांद्याकडे झुकवणं, दोन्ही फरे मागे खेचणं. प्रत्येक हालचाल पाच-दहा वेळा, आणि असं दिवसातून सहा-आठ वेळा. शिकवायला तास-तासाच्या दोन बैठका पुरल्या. मोबाईलवर मान मोडण्याचे व्हिडिओ बघत रात्री जागवणाऱ्यांपर्यंत हा निकाल पोचायला हवा.

कारण मान म्हणजे कंबर नव्हे. मेंदूकडे रक्त नेणाऱ्या दोन धमन्या मानेच्या मणक्यांच्याच छिद्रांतून वर चढतात आणि पहिल्या मणक्यावर वळसा घेतात. जोराच्या पिरगाळण्याने धमनीचं अस्तर फाटलं, तर गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. हे क्वचित घडतं. कॅनडातल्या ओंटारिओमधल्या मोठ्या अभ्यासात असंही दिसलं की, अशा रुग्णांतले बरेचजण आदल्या दिवसांत कायरोप्रॅक्टरकडे जसे गेले होते, तसेच साध्या डॉक्टरकडेही गेले होते. म्हणजे काहींची धमनी आधीच फाटत असावी आणि त्या दुखण्यासाठीच ते उपचाराला गेले असावेत. पण हे मान्य केलं तरी सावधगिरी सुटत नाही. फाटत्या धमनीची मान पिरगाळणं घातकच.

आपल्याकडे हा धोका कायरोप्रॅक्टरच्या टेबलापेक्षा केशकर्तनालयाच्या खुर्चीत जास्त वेळा येतो. चंपी संपता संपता कारागीर हनुवटी आणि डोकं धरून दोन्ही बाजूंना ‘कट्’ करतो. डोक्याची मालीश खुशाल घ्यावी, मान पिरगाळू देऊ नये. ज्यांना संधिवात आहे, हाडं ठिसूळ झाली आहेत किंवा कण्याचा क्षयरोग होऊन गेला आहे, त्यांनी तर मुळीच नाही. मानेवर पूर्वी कधी नव्हती अशी तीव्र कळ येऊन सोबत चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं किंवा तोल जाणं असेल, तर त्याच क्षणी मोठं रुग्णालय गाठावं. शर्टाची बटणं लावताना बोटं चुकू लागली आणि चाल अडखळू लागली, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. तिथे आधी तज्ज्ञाची तपासणी, हाताचे उपचार नाहीत.

फॅसेट सांध्याची कळ सहसा कोपराच्या खाली जात नाही. ती बोटांपर्यंत पोचत असेल, मुंग्या येत असतील, तर प्रश्न सांध्याचा नसून दबलेल्या मज्जामुळाचा असण्याची शक्यता जास्त. पुढचा लेखांक त्याबद्दल.